हायड्रिला की एलोडिया? एका चुकीच्या नावाचा इतिहास

प्रस्तावना

शाळेत चंचुपात्र, नरसाळे आणि परीक्षानळी मांडून प्राणवायूचे बुडबुडे मोजण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. नरसाळ्याखालची ती हिरवी काडी म्हणजे बहुधा हायड्रिला. भिलईत राहणाऱ्याला ती शोधायला फार लांब जावे लागणार नाही; छत्तीसगडात गावोगावी तलाव आहेत आणि हायड्रिला ही त्यांतली नेहमीची रहिवासी. आपण तिला सरसकट 'शेवाळ' म्हणतो. पण शेवाळाला खरे मूळ, खोड, पान नसते. हायड्रिलाला हे सगळे असते, शिवाय फूलही येते.

घरच्या मत्स्यपेटीत लवकर वाढणारी खोडाची वनस्पती म्हणून हिला आणि हिच्यासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींना मोठी मागणी आहे. ओळखण्यात चूक झाली तर काय घडते, हे या टिपणात पाहू.

१. इंग्लंडमधला पहिला धडा

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकाच पात्रात ठेवून पाणी न बदलता समतोल राखता येतो, हे मांडले. मत्स्यपेटीच्या छंदाला त्यातून शास्त्रीय पाया मिळाला.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये उत्तर अमेरिकेची एलोडिया पसरत होती. १८४२ मध्ये ती स्कॉटलंडच्या बेरिकशायरमध्ये आढळली. पुढच्या दहा वर्षांत तिने कालवे आणि केंब्रिजची कॅम नदी इतकी भरून टाकली की नावा चालवणे कठीण झाले. विशेष म्हणजे तिथली जवळजवळ सर्व रोपे मादी होती. म्हणजे हा प्रसार बियांनी झालाच नाही. तुटलेल्या खोडाच्या तुकड्यांनी झाला.

२. हायड्रिलाचा अमेरिकाप्रवास

हायड्रिलाला आजचे शास्त्रीय नाव देणारे जॉन फोर्ब्स रॉयल हे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वनस्पती सिलोनहून मत्स्यपेटीच्या व्यापारासाठी अमेरिकेत गेली. नंतर जुळवलेल्या माहितीनुसार, फ्लोरिडातील टॅम्पाच्या एका व्यापाऱ्याला तो माल पसंत पडला नाही आणि त्याने तो जवळच्या कालव्यात टाकून दिला. १९६० मध्ये मायामीजवळचा एक कालवा आणि क्रिस्टल रिव्हर येथे ती मोकळ्या पाण्यात दिसली. तेव्हा तिला एलोडियाच समजण्यात आले. व्यापारातले तिचे नावच 'फ्लोरिडा एलोडिया' होते. ओळखीचे नाव मिळाल्यामुळे धोका लक्षात यायला उशीर झाला.

पुढे जनुकीय तुलनेत अमेरिकेतील मादी हायड्रिला बंगळूरच्या नमुन्यांशी सर्वांत जवळची आढळली. १९८७ मध्ये तिच्यावर सोडलेली हायड्रेलिया माशीही भारतातूनच नेलेली होती. आपल्याकडे अशा कीटकांसोबतच ती वाढते. तिकडे ते नव्हते.

३. इतकी वेगाने का वाढते?

अनुकूल स्थितीत हिचे खोड दिवसाला सुमारे २.५ सेंटिमीटर वाढू शकते. कारणे तीन.
• भर उन्हाच्या एक टक्क्याहून कमी प्रकाशातही ती प्रकाशसंश्लेषण करू शकते.
• पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की ती सी-४ पद्धतीकडे वळते. मका-उसाच्या पानात असते तशी खास पेशीरचना तिच्यात नसते. सगळे काम एकाच पेशीत चालते.
• पेरे असलेला लहान तुकडाही रुजतो, आणि चिखलातले कंद अनेक वर्षे जिवंत राहतात.

मत्स्यपेटीत हेच गुण उपयोगी पडतात. शेंड्याकडचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा तुकडा कापा, खालच्या पेऱ्यांची पाने काढा आणि वाळूत खोचा. वाढणारे खोड माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेते, त्यामुळे शेवाळाला अन्न कमी उरते.

४. ओळख

एका पेऱ्यावरची पाने मोजा. अगदी खालची पेरी सोडून मधल्या भागातली पाहा.
• एलोडिया: बहुधा तीन पाने, कडेचे दाते भिंगाशिवाय दिसणे कठीण.
• एजेरिया (मूळ दक्षिण अमेरिका): बहुधा चार पाने, कधी जास्त; फूल पांढरे आणि ठसठशीत.
• हायड्रिला: चार ते आठ, बहुधा पाच पाने, कडेचे दाते नुसत्या डोळ्यांना दिसतात, पान खरखरीत लागते, फूल अगदी बारीक.

फक्त संख्येवर विसंबू नका. चार पाने असतील तर दाते आणि फूलही तपासा.

५. आपल्यासाठी अर्थ

फ्लोरिडाची गोष्ट उलट दिशेनेही घडू शकते. केरळात कोझिकोडजवळच्या आवळ पांडी येथे २०२० मध्ये गुलाबी फुलांनी भरलेले पाणी पाहायला गर्दी लोटली. ती फुले कबोंबा फुरकाटा या मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या, मत्स्यपेटीसाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीची होती. आपले तलाव आंघोळीचे, जनावरांचे आणि मासेमारीचेही असतात. ते एकदा भरून गेले की किंमत गाव मोजते, टाकीचा मालक नाही. म्हणून छाटलेली खोडे तलावात किंवा नालीत टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवा, मगच खतात घाला.

स्वाध्याय

१. एलोडियाची केवळ मादी रोपे असूनही प्रसार कसा झाला?
२. जवळच्या तलावातील एक काडी भिंगाखाली पाहा, पाच पेऱ्यांवरची पाने मोजून तक्ता करा आणि निष्कर्ष लिहा.
३. 'चुकीचे नाव हेही एक नुकसानच आहे' या विधानावर दहा ओळी लिहा.