मोझिलाची मोबाइल मोहीम : ब्राऊजरमध्ये यश, फोनमध्ये अपयश

इंटरनेट एक्स्प्लोररची मक्तेदारी मोडून काढण्यात ज्या मुक्तस्रोत ब्राऊजरचा मोठा वाटा होता, तो म्हणजे मोझिलाचा फायरफॉक्स. मात्र इंटरनेटचा वापर संगणकाकडून मोबाइलकडे सरकला, तेव्हा याच संस्थेपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. त्यावर उत्तर म्हणून मोझिलाने थेट स्वतःची मोबाइल प्रणाली बाजारात आणली. ही प्रणाली मोझिलाच्या नावाखाली टिकली नाही. पण तिचाच पुढचा अवतार भारतातील लाखो हातांत पोहोचला.

नेटस्केपचा वारसा

विंडोजसोबत मोफत मिळणाऱ्या इंटरनेट एक्स्प्लोररपुढे नेटस्केपचा निभाव लागेना, तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये कंपनीने आपल्या ब्राऊजरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. ३१ मार्च १९९८ रोजी तो सर्वांना उपलब्ध झाला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. पुढे नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली. एओएलने या कामातून अंग काढून घेतल्यावर जुलै २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. एकाच खिडकीत अनेक टॅब, नको असलेल्या पॉप-अप जाहिरातींना अटकाव आणि हवी ती अॅड-ऑन जोडण्याची सोय, यांमुळे ती लोकप्रिय झाली. जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ एका दिवसात ८० लाखांहून अधिक वेळा डाऊनलोड झाला व त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

मोझिलाचे धोरण दुहेरी होते. वेबचे मानदंड सर्वांसाठी खुले असावेत, कोणतेही संकेतस्थळ एकाच कंपनीच्या ब्राऊजरला बांधलेले नसावे, हे त्याचे तत्त्व. पैसा मात्र येई तो सर्च इंजिनांकडून, आणि त्यात गुगलचा वाटा मोठा होता. २ सप्टेंबर २००८ रोजी गुगलने स्वतःचा क्रोम आणला आणि पैसे देणारा भागीदारच प्रतिस्पर्धी झाला.

मोबाइलची कोंडी

मोबाइलवर अडचण आणखी बिकट होती. आयफोनवरील प्रत्येक ब्राऊजरला अॅपलचेच वेबकिट इंजिन वापरण्याची सक्ती होती. फायरफॉक्सचे गेको इंजिन तेथे चालवता येत नव्हते. अँड्रॉइडवर तशी बंदी नव्हती. पण बहुतेक फोनमध्ये गुगलचा ब्राऊजर आधीपासूनच असताना दुसरा शोधून घेणारे ग्राहक थोडेच.

जुलै २०११ मध्ये मोझिलाने ‘बूट टू गेको’ हा प्रकल्प जाहीर केला. वर्षभराने त्याला फायरफॉक्स ओएस हे नाव मिळाले. खाली लिनक्सचा गाभा, वर गेको, आणि सर्व अॅप वेबच्याच भाषांत म्हणजे एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्टमध्ये, अशी त्याची रचना होती. अॅप बनविणाऱ्याला एखाद्या कंपनीच्या दुकानाची परवानगी लागू नये, हा त्यामागील हेतू होता.

महागड्या फोनशी टक्कर घेण्याऐवजी पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणारा ग्राहक हेरण्यात आला. जुलै २०१३ मध्ये स्पेनमध्ये टेलिफोनिकाने झेडटीई ओपन हा फोन आणला. भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांत आला.

डाव का फसला?

स्वस्ताईची किंमत वेगात मोजावी लागली. क्लाउड एफएक्समध्ये जेमतेम १२८ एमबी रॅम होती व थ्रीजीची सोय नव्हती. व्हॉट्सअॅपचे अधिकृत अॅप या प्रणालीवर नव्हते. भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने ही उणीव मोठी होती. त्यातच अँड्रॉइड फोनच्या किमतीही उतरत गेल्या. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने दूरसंचार कंपन्यांमार्फत हे फोन विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

कोड खुला असल्याने कथा तेथे संपली नाही. त्यावरून काइओएस ही बटनांच्या फोनसाठीची प्रणाली तयार झाली. २१ जुलै २०१७ रोजी मुंबईत रिलायन्सने जाहीर केलेला जिओफोन याच प्रणालीवर चालत होता. १,५०० रुपये परताव्याच्या अनामतीवर तो फोरजी जोडणीसह मिळे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअॅपही आले. त्याच वर्षी काइओएसमध्ये २ कोटी २० लाख डॉलर गुंतविणारी कंपनी होती गुगल!

पुढची लढाई

ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० कर्मचारी कमी केले. गुगलच्या सर्च मक्तेदारीविरुद्धच्या अमेरिकेतील खटल्यात मे २०२५ मध्ये मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी साक्ष दिली. संस्थेचे सुमारे ९० टक्के उत्पन्न फायरफॉक्सचे असून त्यातील ८५ टक्के गुगलकडून येते, असे त्यांनी सांगितले. सप्टेंबर २०२५ मधील निकालात न्यायालयाने एकाधिकाराचे करार रोखले, पण अशा रकमा देण्यास सरसकट बंदी घातली नाही. त्यामुळे मोझिलावरील तातडीचे संकट टळले.

युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथील आयफोनवर अन्य इंजिनांना वाट मोकळी झाली आहे. ऑपेरा २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचा एज २०२० मध्ये गुगलच्या क्रोमियमवर गेला. त्यामुळे व्यापक वापरातील इंजिनांत अॅपल व गुगल यांच्याबाहेरचे गेको हेच उरले आहे. तेही मागे पडले, तर वेबचे नियम दोन कंपन्याच ठरवतील.