नऊ नंबरचा रस्ता आणि आपल्या सीमेवरची जुनी गाडी

आपल्या भागातले वाडे, जत्रा, शाळा, रझाकाराच्या काळातल्या ऐकीव गोष्टी, ह्यावर इथे पुष्कळ लिहून झालं. घरातल्या जुन्या गाडीवर मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही. खरं तर आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात आलेली पहिली मोटार कोरी नव्हतीच, ती आधी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभी राहून आलेली होती. मी खटकचिंचोळीचा, शिक्षणाने बी. कॉम., आणि उभी नोकरी बँकेत गेली. म्हणून हा इतिहास थोडा रस्त्याचा आणि थोडा खातेवहीचा आहे.

सुरुवात 1956 पासून करावी लागते. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद संस्थानाचा मुलूख भाषेप्रमाणे वाटला गेला आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, म्हणजे पुढे महाराष्ट्रात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. नकाशावर रेघ ओढणं सोपं, पण सोयरिकी काही रेघ बघून झालेल्या नव्हत्या. आत्या उदगीरला, मावशी सोलापूरला, धाकटा काका हैदराबादला, आणि आम्ही भालकी तालुक्यात. लग्नाला निघालं तरी राज्य बदलायचं.

ह्या सगळ्यांना बांधून ठेवणारा धागा म्हणजे नऊ नंबरचा रस्ता. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत हैदराबादला आणि पुढे विजयवाड्याकडून मच्छलीपट्टणमला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग. 2010 साली क्रमांक बदलले आणि तो पासष्ट झाला, पण आमच्या पिढीच्या तोंडात अजून नऊच आहे. आम्हाला हुमनाबादला जाऊन तो धरायचा. डावीकडे वळलं की हैदराबाद, उजवीकडे वळलं की सोलापूर.

त्या काळी गाडी घेणं म्हणजे पैशापेक्षा धीराचं काम होतं. देशात मुख्यतः दोनच घरगुती गाड्या, अ‍ॅम्बेसिडर आणि फियाट. फियाट बनवणारी प्रीमियर कंपनी 1944 साली वालचंद हिराचंदांनी काढली, आणि वालचंद हे मूळ सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे 1954 पासून फियाट 1100 आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. अनामत भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे एक विचित्र प्रकार घडायचा, चांगली वापरलेली गाडी कंपनीच्या कोऱ्या किमतीपेक्षा महाग विकली जायची. कॉमर्सला आम्ही घसारा शिकलो होतो, की वस्तू वापरली की तिची किंमत उतरते. मोटार ह्या नियमाला अपवाद होती, कारण तिथे लोखंडापेक्षा वाचलेल्या वर्षांची किंमत मोजली जात होती.

आमच्या घरी पद्मिनी आली 1987 साली. पुण्याच्या एका डॉक्टरांनी ती कोरी घेतलेली, त्यांच्याकडून सोलापूरच्या आमच्या दाजींनी घेतली, आणि दाजींचा मारुतीचा नंबर लागला तेव्हा ती आमच्याकडे आली. 38 हजार रुपये, तेही तीन हप्त्यांत. व्याज नाही, करार नाही. दाजी एवढंच म्हणाले, "क्लच मागच्या दिवाळीत बदललाय, डाव्या दाराची काच जड जाते, आणि उन्हाळ्यात नळदुर्गला थांबून पाणी बघत जा." तीन वाक्यांत गाडीचं सगळं चरित्र. ह्यातलं एकही वाक्य खोटं असतं तर पुढच्या भाऊबीजेला दाजींनाच बहिणीसमोर उत्तर द्यावं लागलं असतं. आमची वॉरंटी ती.

स्टिअरिंगवरचा गिअर, पुढची तिकोनी काच, 1089 सीसीचं इंजिन. एकपदरी रस्ता, समोरून ट्रकांची रांग. सोलापूर गाठायला चार-साडेचार तास सहज लागायचे. आत सहा माणसं, एक तांदळाचं पोतं, आणि कुणाच्या तरी मांडीवर लोणच्याची बरणी. ताशी साठच्या वर जायची वेळ क्वचितच यायची. म्हणूनच त्या गाड्या तेव्हा पुरल्या. रस्ताच त्यांना जपायचा.

सीमेची रेघ पहिल्यांदा टोचली ती कागदांच्या वेळी. सोलापूरच्या कचेरीचा ना-हरकत दाखला, मग इकडे नवीन नंबर, इकडचा कर. नात्यातल्या नात्यात गाडी आली तरी सरकारच्या लेखी ती परराज्यातून आलेली होती. आपल्या भागात कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं पहिल्या मालकाच्याच नावावर फिरल्या त्या ह्यामुळे. "घरचीच आहे, नाव बदलून काय करायचं?" असं म्हणायचे. बँकेच्या टेबलावर बसून मी ह्या वाक्याचे परिणाम पाहिले. एका शिक्षकाने मोठ्या शहरातल्या दलालाकडून गाडी घेतली. पैसे दिले, किल्ली मिळाली, पण आरसी बुकावर आधीच्या कर्जाचा बोजा तसाच होता. चौथ्या महिन्यात वसुलीवाले आले आणि शाळेसमोरून गाडी घेऊन गेले. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेला पैसा होता तो. गुरुजींची सही शाबूत, पण गाडी त्यांची कधी झालीच नव्हती.

हे पुढे वाढत गेलं, कारण विकणारा अनोळखी होत गेला. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली, 1991 नंतर परवान्यांचं राज्य सैल झालं, 1998 च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. गाड्या मुबलक झाल्या, लोक चार-पाच वर्षांत बदलू लागले आणि जुन्या गाड्यांचा मोठा बाजार उभा राहिला. ही चांगलीच गोष्ट, शिक्षकाला, कारकुनाला, शेतकऱ्याला गाडी परवडू लागली. पण दाजींची ती तीन वाक्यं त्या बाजारात मिळत नव्हती.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली नेमकं ह्याच विषयावर लिहिलं. विकणाऱ्याला गाडीचं खरं माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, ह्या भावात कशाला विकू? अशाने चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि वाईट उरतात. 2001 साली त्यांना नोबेल मिळालं, दोघांसोबत वाटून. खराब निघालेल्या गाडीला तिकडे 'लिंबू' म्हणतात. आपण मात्र गाडी चांगली राहावी म्हणून पुढे लिंबू-मिरची बांधतो!

मला वाटतं आपल्या सोयऱ्याधायऱ्यांनी हा प्रश्न अकरलॉफच्या कितीतरी आधी सोडवला होता. जुन्या गाडीत आपण पत्र्यापेक्षा तिच्या मागच्या आयुष्याची माहिती विकत घेतो. पूर्वी ती नात्यातून फुकट यायची, आता आपणच मेहनत करून गोळा करावी लागते.

हे आज लिहायचं कारण घरचंच. थोरले अण्णा गेले, वहिनी गावातच पुतण्याजवळ असतात. महिन्यातून दोनदा सोलापूरला जावं लागतं, एकदा डोळ्याच्या इंजेक्शनला आणि एकदा हृदयाच्या डॉक्टरांकडे. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. इंजेक्शननंतर पट्टी लावलेल्या डोळ्याने एस. टी. बदलत येणं त्यांना होईना, दोनदा तर त्यांनी तारीखच चुकवली. डॉक्टरांनी सांगितलं, तारखा अशा गेल्या तर नजर परत येणार नाही. पुतण्याकडे तूर आणि सोयाबीनचे मिळून साडेचार लाख होते. तो म्हणाला, "काका, ह्यात बसेल अशी बघा, पण रस्त्यात दगा देणारी नको."

रस्ताही आता तो राहिला नाही. चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, फेब्रुवारी 2021 पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. मोकळ्या रस्त्यावर गाड्या नव्वद-शंभरने जातात. गावात पन्नासने ठीक चालणारी गाडी तिथे तासभर पळवली की तिचं खरं रूप दिसतं. म्हणून आम्ही पहिली रेघ तारखेची ओढली. 1 एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत. 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. त्याआधीच्या काही गाड्यांत हे होतं, पण ह्या तारखेनंतरच्या सगळ्यांत आहेच. थोड्या पैशात महामार्गाची गाडी घेणाऱ्याने लांबी आणि चकाकीआधी ही तारीख बघावी.

तीन गाड्या पुढे आल्या. पहिली हैदराबादची, मोठी, लांबलचक, आमच्या पैशात बसणारी. सगळे खूष. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, तळाला मातकट डाग होता. गालिचा उचलला तर खाली बारीक गाळ. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत पूर आला तेव्हा शेकडो गाड्या पाण्यात होत्या हे विसरून चालत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीची वायरिंग आज चालते आणि दोन वर्षांनी रात्री उमरग्याजवळ बंद पडते. शिवाय वहिनी त्यात बसल्या आणि म्हणाल्या, "हे विहिरीत उतरल्यासारखं होतंय." निकाल लागला.

दुसरी पुण्याची, डिझेलवर चालणारी, 90 हजारांनी महाग. इथे पाटी-पेन्सिल काढली. वर्षाला 12 हजार किलोमीटर धरलं. पेट्रोल लिटरला 18 किलोमीटर आणि 100 रुपये धरलं तर साधारण 66,700 रुपये. डिझेल 22 किलोमीटर आणि 90 रुपये धरलं तर 49,000. फरक साडेसतरा हजारांचा. म्हणजे जादा दिलेले 90 हजार वसूल व्हायला पाच वर्षं. वर महाराष्ट्राचा ना-हरकत दाखला आणि कर्नाटकाचा कर. महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर पळणाऱ्याचं गणित वेगळं, त्याने डिझेल जरूर बघावं.

तिसरी बीदरच्याच एका गृहस्थांची, केए-38 नंबरची, 2020 ची पेट्रोल टियागो. त्याच वर्षीच्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत ह्या मॉडेलला प्रौढ प्रवाशांसाठी चार तारे मिळाले होते. सकाळी सातला, इंजिन थंड असताना गेलो. आमचा जुना मिस्तरी सोबत. तो नेहमी म्हणतो, "साब, काँच मत देखो, धुआँ देखो." निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, थांबायचं नाव न घेणारा पांढरा म्हणजे कूलंट आत उतरतंय. इथे काहीच नव्हतं. मग महामार्गावर तासभर पळवली. ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं का, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का, तापमानाचा काटा कुठे राहतो, काच बंद केल्यावर चाकातून घरघर येते का, हे पाहिलं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत होती पण टायर गाडीइतकेच जुने, तेव्हा चार टायरांचे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

मग माझं खातं, कागद. आरसीवर हायपोथिकेशन आहे का, असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. हस्तांतराला फॉर्म 29 आणि 30. परराज्यातली असेल तर फॉर्म 28. थकलेली चलनं. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज, आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे लक्षात ठेवायचं. किमतीसाठी मी विम्याचं कोष्टक वापरतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ते 50 टक्के घसारा धरतं. बाजारभाव तेवढाच नसतो, पण घासाघीस कुठून सुरू करायची हे कळतं.

विकणाऱ्यांनाही सांगतो, किल्ली दिली म्हणजे सुटलो असं नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. "घरचीच आहे" म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

गाडी आली. टायर नवे, फास्टॅग नवा, आरसी पुतण्याच्या नावावर. त्या बीदरच्या गृहस्थांनी निघताना स्वतःहून सांगितलं, "पाठीमागचं उजवं दार जरा जोरात लावा, आणि एसीचा गॅस गेल्या मेमध्ये भरलाय." अनोळखी माणसाकडून ही दोन वाक्यं मिळाली म्हणजे व्यवहार चांगला झाला असं मी समजतो.

वहिनींची एकही तारीख त्यानंतर चुकलेली नाही. सकाळी आठला निघतात, दुपारी जेवायला सोलापूरला आत्तेबहिणीकडे, दिवेलागणीला घरी. मागच्या खेपेला येताना उमरग्याच्या पुढचा गावाचा फलक त्यांनी स्वतः वाचून दाखवला, असं पुतण्याने फोनवर सांगितलं. मराठीतला संपून कानडीतला सुरू होतो, तिथला.