पडद्यावरची बंदूक आणि आपला किनारा

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला टीव्हीवरच्या पिस्तुलांशी काय देणंघेणं? पण आम्हीही मालिका बघतो. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची, तेव्हापासून बघतो. त्यातले शिवाजी साटम पुढे १९९८ साली ‘सीआयडी’चे एसीपी प्रद्युम्न झाले आणि वीस वर्षं घराघरांत राहिले. तेव्हा तक्रार करायला आलेलो नाही.

या मालिकांतल्या बंदुका बहुधा नकली असतात. ठिणगी आणि धूर नंतर संगणकावर काढतात. त्यात गैर काही नाही. नाटकातली तलवार तरी कुठे खरी असते? हिशेबाचा घोळही आपण चालवून घेतो. एके ४७ मिनिटाला साधारण ६०० गोळ्या झाडते आणि तिच्या मॅगझिनमध्ये मावतात ३०. म्हणजे घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ खलास. आपला खलनायक मात्र जाहिरात लागेपर्यंत झाडतच असतो! असो. आमचा मुद्दा वेगळा आहे. पडद्यावरच्या बंदुकीला भूतकाळ नसतो. ती खलनायकाच्या हातात उगवते आणि पोलिसांच्या पंचनाम्यात मावळते. ती आली कुठून, कुठल्या रस्त्याने, कुणाच्या नाकासमोरून, हे विचारायला चाळीस मिनिटांच्या भागात वेळ नसतो. आणि रोज तेच बघून आपल्यालाही ते विचारायची सवय राहत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर या.

१८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, ‘लेडी हान’ नावाची. आत तीन एके ४७ रायफली आणि काडतुसं. आमच्या नातवाचा पुण्याहून फोन. म्हणाला, “आबा, तुमच्याकडे तर वेब सीरिज चालू झाली!” जिल्ह्यात नाकाबंदी, राज्यभर सतर्कतेचा इशारा, वाहिन्यांवर दिवसभर तेच. त्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात माहिती दिली. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन जहाजाने वाचवलं, आणि रिकामी बोट पावसाळी समुद्रात वाहत वाहत इकडे आली. दहशतवादाचा धागा काही दिसला नाही. पोलिसांनी कसून तपास केला तो योग्यच केला. आपल्या किनाऱ्याचा इतिहास पाहता तसंच वागायला हवं होतं.

तो इतिहास म्हणजे १९९३.

त्या वर्षी जानेवारीत दिघीच्या जेटीवर शस्त्रं उतरली. फेब्रुवारीत शेखाडीला, म्हणजे श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मधल्या त्या शांत वाडीजवळ, दोनदा माल उतरला. एके ५६ रायफली, हातबाँब आणि आरडीएक्स. ‘माल’ हाच शब्द होता, लक्षात घ्या. या किनाऱ्याला तस्करी काही नवी नव्हती. सोनं, चांदी, घड्याळं, कापड वर्षानुवर्षं रात्रीचं उतरत होतं. खोक्यात काय आहे हे विचारायचं नाही, हा रिवाजच पडला होता. दिघीहून निघालेल्या गाड्या वाटेत गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. हो, अडवल्या! मग बोलणी झाली, रक्कम ठरली, पैसे हातात येईपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या आणि गाड्या मुंबईकडे सोडल्या. ही ऐकीव गोष्ट नाही. हे न्यायालयात सिद्ध झालं. पोलीस आणि कस्टमचे काही अधिकारी दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. २५७ माणसं गेली, सातशेहून जास्त जखमी झाली.

याच खटल्यात एका चित्रपट अभिनेत्याला बेकायदा एके ५६ बाळगल्याबद्दल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. ते सगळ्यांना पाठ आहे. गोंडघर फाटा किती जणांना ठाऊक आहे? बघा, आठवणसुद्धा आपण पडद्याच्या हिशेबाने ठेवतो.

आता थोडं आमच्या विषयाचं बोलू. न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. जिथे धूर, तिथे विस्तव, हे खरं. पण जिथे विस्तव, तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धूर निघायला विस्तवाबरोबर ओलं सरपणही लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. मालिका आपल्याला शिकवतात, जिथे बंदूक तिथे गुन्हा. ‘लेडी हान’वर बंदुका होत्या, गुन्हा नव्हता, तो तापलेला गोळा. १९९३ साली ओलं सरपण हजर होतं. ते म्हणजे फाट्यावर पुढे झालेला हात. आणि केवळ तोच नव्हे. तेव्हा आम्ही पन्नाशीच्या आतले, याच जिल्ह्यात नोकरीला. रात्री-अपरात्री गावातून टेम्पो गेला, तर खिडकी किलकिली करून आपण पुन्हा लावून घेत असू. “आपल्याला काय करायचंय?” हे वाक्य आम्ही स्वतः उच्चारलेलं आहे. तेही सरपणच होतं, मंडळी. न्यायालयात त्याची नोंद नाही, एवढंच.

म्हणून कुणा मालिकावाल्याने विचारलं तर आम्ही सांगू, बाबा रे, एक भाग असा कर, ज्यात एकही गोळी सुटत नाही. अंधारा फाटा, उभ्या गाड्या, खाली आवाजात चाललेली घासाघीस, आणि शेवटी वर उचललेला आडवा बांबू. त्यापेक्षा भयंकर दृश्य आम्हाला सुचत नाही.

आणि तुम्हाला एवढंच सांगणं, की पुढच्या वेळी पडद्यावर पिस्तूल दिसलं, की ते कुठलं हे विचारू नका. ते कुठून आलं ते विचारा, आणि वाटेत कोण कोण गप्प बसलं तेही. विचारताना आपलंही नाव यादीत आहे का, हे एकदा पाहून घ्या. आम्ही पाहिलं आहे.