पाटे, हँगर आणि गंज

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा हे धानपट्ट्यातले गाव. या पट्ट्यातला माल पूर्वी बंडीने जाई. बंडीला कमान नसे. साटा थेट आसावर टेकलेला असे आणि रस्त्याचा प्रत्येक हिसका मालाला बसे. चाल बैलाची, म्हणून ते निभावत असे. वेगाने धावणाऱ्या टांग्याला मात्र कमानी लागल्या. ओबादाया इलियट याने १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये कमानींवर तोललेल्या घोडागाडीचे पेटंट घेतले. पुढे अशाच कमानी, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या चळतीचे पाटे, मोटारीखाली आले.

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. जीपच्या पुढच्या-मागच्या दोन्ही आसांखाली पाटे होते. टेल्कोचे ट्रक १९५४ पासून जमशेदपुरात बनू लागले. १९८६ मध्ये टाटा ४०७, १९८८ मध्ये टाटामोबाइल पिकअप आणि २००५ मध्ये टाटा एस आली, तसे बंडीचे काम छोट्या मालगाड्यांकडे गेले. या सर्वांच्या मागच्या चाकांवरचा भार पाट्यांनीच पेलला. पाट्याच्या पोलादात सिलिकॉन आणि मँगनीज असते. त्यांपैकी मँगनीजच्या खाणी याच तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे आहेत.

पाट्याचे एक टोक चॅसिसला जडलेल्या कंसात, म्हणजे हँगरमध्ये, पिनने पक्के बसवतात आणि दुसरे झुलत्या दुव्याला, म्हणजे शॅकलला, जोडतात. भार पडला की पाटा सपाट होऊन लांबतो आणि शॅकल झुलून ती लांबी सामावून घेते. मागच्या आसाचा रेटा आणि ब्रेकचा ताणही पक्क्या टोकातूनच चॅसिसला पोचतो. हे हँगर सुटले तर आस मागे सरकतो आणि गाडी ताबा सोडते. म्हणून तुटलेल्या पाट्यापेक्षा कुजलेले हँगर अधिक घातक असते.

जुन्या गाड्यांच्या रचनेत पाटा हा झिजणारा, बदलायचा भाग मानला होता, तर रिव्हेट मारलेले हँगर गाडीच्या जन्माचे सोबती. पावसाने हा हिशेब उलटवला. जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. धानाच्या बांधीतला चिखल हँगर आणि चॅसिसच्या फटीत साचतो. सांडलेले खत ओल धरून ठेवते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फटीत फुगून रिव्हेट ताणतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतला पत्रा पातळ झालेला असतो.

त्यामुळे जुन्या पिकअपच्या दुरुस्तीत रिव्हेटची जागा बोल्टने घेतली. आधी चॅसिस आधाराच्या लोखंडी घोड्यांवर टेकवून आसाला वेगळा आधार देतात, कारण केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. मग यू-बोल्ट आणि पिना काढून पाटा उतरवतात. रिव्हेटचे डोके घासून देह ड्रिलने काढला, तर चॅसिसचे पोलाद गॅसच्या आचेपासून वाचते. गंज खरवडून पत्रा तपासतात. तो पोखरला असेल तर आधी चॅसिसची दुरुस्ती करावी लागते. त्यानंतर प्रायमर लावून नवे हँगर उच्च ताकदीच्या बोल्टांनी बसवतात. बुश आणि यू-बोल्टही नवेच घालतात, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही. रबरी बुशच्या पिना शेवटी, गाडी चाकांवर उभी करूनच आवळतात. अधांतरी आवळल्यास भार पडताच बुश पिळवटून फाटते. दोन्ही बाजूंना हँगरपासून आसापर्यंतचे अंतर सारखे भरले की आस सरळ बसला असे समजतात.

उतरवलेल्या सामानाच्या वाटा वेगळ्या होतात. साध्या पोलादाचे कुजलेले हँगर भंगारात जाते. पाट्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन असल्याने त्याला धार चढते आणि पाणी देता येते. म्हणून जुने पाटे लोहार घेतात आणि त्यांचे विळे, कुऱ्हाडी घडवतात.