फुप्फुसाचा अल्प-ऑक्सिजन प्रतिसाद

फुप्फुसाच्या एखाद्या भागातील वायुकोशांत ऑक्सिजन कमी पडला, की तिकडे रक्त नेणाऱ्या बारीक रोहिण्या काही सेकंदांत आकसू लागतात. शरीरात इतरत्र याच्या उलट घडते; ऑक्सिजन कमी पडलेल्या स्नायूत रोहिण्या रुंदावतात. फुप्फुसाचे काम रक्तात ऑक्सिजन भरण्याचे असल्याने जिथे हवा नाही तिथे रक्त पाठवणे व्यर्थ ठरते. 1946 मध्ये उल्फ फोन ऑयलर आणि यॉरान लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांतून हा प्रतिसाद दाखवला आणि त्याने रक्त हवेशीर भागांकडे वळत असावे, असे सुचवले. शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसातही तो दिसतो, म्हणजे त्याला मेंदूच्या आज्ञेची गरज नाही. रोहिणीच्या स्नायुपेशींतील पोटॅशियम मार्गिका मिटतात, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी आकसते. श्वासनलिकांची प्रतिक्रिया याला पूरक आहे: गुठळीमुळे रक्त अडले, की तिथला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बारीक श्वासनलिका अरुंद होऊन हवा दुसरीकडे वळते.

हा प्रतिसाद उपकारक असेल, तर उंच पर्वतावर तोच जिवावर का उठतो, असा आक्षेप घेता येतो. तिथे सगळ्याच वायुकोशांत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे फुप्फुसभर रोहिण्या आकसतात आणि दाब चढतो. काहींच्या केशवाहिन्या त्या दाबाने झिरपून फुप्फुसात पाणी साचते. 1962 च्या युद्धकाळात झपाट्याने हिमालयात चढवलेल्या भारतीय जवानांत हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला. दाब उतरवणाऱ्या निफेडिपिनने तो टाळता येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहणाऱ्या तिबेटी लोकांत हे आकुंचन सौम्य आढळते. आक्षेपातील तथ्य एवढे की हा प्रतिसाद स्थानिक उणिवेसाठी घडलेला आहे. उणीव एका कोपऱ्यात आहे की सर्वत्र, हे रोहिणीला कळत नाही. एरवीच्या आयुष्यात मात्र न्यूमोनिया किंवा कफाचा अडथळा बहुधा एखाद्याच भागात असतो. अशा रुग्णाला रोहिण्या सैल करणारे औषध दिल्यास रक्तातील ऑक्सिजन आणखी घटू शकतो, आणि हाच या प्रतिसादाच्या उपयोगाचा थेट पुरावा आहे. म्हणून आकुंचन मोडायचे की जपायचे, हे उणीव कुठवर पसरली आहे ते पाहूनच ठरवले पाहिजे.