भाकरी, पाव आणि केळं : सीलिॲकच्या पथ्याचा इतिहास

आज आपण अशा एका आजाराचा इतिहास पाहणार आहोत, ज्याचं औषध आजही औषधाच्या दुकानात मिळत नाही. सीलिॲक डिसीज. गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट फुगतं, हातपाय बारीक होतात, वाढ खुंटते. उपाय एकच, ग्लुटेन आयुष्यभर बंद. डॉक्टर निदान करतात, पण उपचार रोज स्वयंपाकघरात होतो. म्हणून या आजाराचा इतिहास पाहताना डॉक्टरांना काय कळलं हे तर बघायचंच, पण त्यांनी घरच्यांना काय सांगितलं हेही बघायचं.

हे नाव ग्रीक आहे. ‘कोइलिया’ म्हणजे पोट. कॅपाडोशियाच्या ॲरिटिअसने प्राचीन काळी अशा पोटाच्या रुग्णांचं वर्णन केलं होतं. आधुनिक काळातलं नेमकं वर्णन १८८८ सालचं, लंडनच्या सॅम्युअल गी यांचं. मूल बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच होईल, हे गी यांनी बरोबर ओळखलं. त्यांनी एका मुलाची हकीकत दिली आहे. त्या मुलाला रोज हॉलंडच्या शिंपल्या खायला दिल्या आणि ते छान सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, तसा आजार परतला. पण याच गी यांच्या पथ्यात पावाचे पातळ, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेले तुकडे चालत होते! दिशा बरोबर होती, पण घरी जाणाऱ्या यादीत नेमकं विष राहून गेलं.

मग आलं केळं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी दहा मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. केळ्यांच्या आहारावर ठेवलेली आठ मुलं सुधारली. तो आहार न मिळालेली दोन दगावली. त्या काळात या आजाराने मुलं मरत होती, हे लक्षात घ्या. त्यामुळे केळ्याचा बोलबाला झाला तर नवल नाही. पुढची दोन-तीन दशकं आईबाप केळी मिळवण्यासाठी धडपडत राहिले.

हास यांच्या पथ्यात पाव, बिस्किटं, बटाटे, धान्यं सगळंच बंद होतं. मुलं सुधारत होती ती गहू थांबल्यामुळे, पण श्रेय मिळालं केळ्याला. दोष पिष्टमय पदार्थांचा आणि केळ्यातलं पिष्ट तेवढं पचतं, असा समज होता. परिणाम काय झाला? मूल सुधारलं की ‘बरं झालं’ म्हणायचं आणि हळूहळू पाव परत सुरू करायचा. यात आईबापांची चूक नव्हती. काय द्यायचं ते त्यांना सांगितलं होतं. काय टाळायचं आणि का, हे सांगणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं.

ते शोधलं हॉलंडमधल्या विलेम कारेल डिके यांनी. हेग शहरातल्या ज्युलियाना बालरुग्णालयात ते काम करत. १९३० च्या दशकात एका आईने सांगितलं, की पाव बंद केला की माझ्या बाळाचं पुरळ कमी होतं. डिके यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही. मुलांना गहू बंद करून पाहिलं, पुन्हा देऊन पाहिलं, वजनांच्या नोंदी ठेवल्या. १९४१ मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लिहिलंही.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट १९४४-४५ च्या हिवाळ्यापासून सांगतात. नाझी अंमलाखालच्या हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले, आणि पाव मिळेनासा झाल्यावर सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. त्या हिवाळ्याने डिके यांच्या मताला बळ दिलं हे खरं. पण मूळ धागा त्याआधीचा आहे, एका आईच्या निरीक्षणाचा.

१९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. तिथल्या वेयर्स आणि व्हान दे कामर यांच्यासोबत त्यांनी शौचातल्या चरबीचं मोजमाप करून गव्हाचा परिणाम आकड्यांत दाखवला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी गव्हातलं पिष्ट आणि ग्लुटेन वेगळं करून दोषी ग्लुटेनच आहे हे सिद्ध केलं. तरीही ‘मोठेपणी हे जातं’ हा समज टिकून होता. पुढे आतड्याचा तुकडा तपासायची सोय झाली, तेव्हा कळलं की लक्षणं ओसरली तरी गहू सुरू केल्यावर आतून झीज चालू राहते. पथ्य आयुष्यभराचं, हे तेव्हा पक्कं झालं.

आता शिकवण्याचं काम दवाखान्यात मावेना. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णांनी आणि पालकांनी स्वतःची संघटना काढली. तिच्या संस्थापकांपैकी एक पीटर बेनेन्सन, ॲम्नेस्टी इंटरनॅशनल सुरू करणारे. त्यांना स्वतःला सीलिॲक होता.

आता आपल्या घरी येऊ. भारतात हा आजार गव्हाच्या पट्ट्यात, उत्तरेत जास्त दिसतो. पण पोळी आता आपल्याकडेही घरोघर आहे. मराठी कुटुंबाला एक मोठा आधार आहे : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा. यांत ग्लुटेन नाही. या मुलाची भाकरी ही काही परदेशी डब्यातली महागडी वस्तू नाही. पण अडचण बारीक ठिकाणी असते. ज्या गिरणीत आधी गहू दळला, तिथेच मागोमाग ज्वारी दळली की गव्हाचं पीठ त्यात येतं. बाजारातल्या पुष्कळ हिंगात गव्हाचं पीठ असतं. थालिपिठाच्या भाजणीत गहू असू शकतो. दुधात घालायच्या पावडरीतला माल्ट बहुधा जवाचा. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे चिमूटभर पीठही पुष्कळ झालं.

आणि सत्यनारायणाचा शिरा? ‘प्रसादच आहे, एवढ्याशाने काय होतंय?’ असं आजी प्रेमाने म्हणते. तिला गप्प करून उपयोग नाही, तिला कारण सांगायला हवं. कारण कळलं की तीच उद्या तांदळाच्या रव्याचा शिरा करेल आणि शेजारणीलाही समजावेल. एक सूचना मात्र पाळा : शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नका. आधी रक्ततपासणी आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या होऊ द्या, नाहीतर निदानच हुकतं.

डिके यांनी एका आईचं ऐकलं आणि वाट सापडली. आज ज्ञान उलट दिशेने, दवाखान्यातून घरी न्यायचं आहे. ते नेताना नुसती यादी देऊ नये, कारणही द्यावं. केळ्याच्या काळातल्या आईबापांना तेवढंच मिळालं नव्हतं. इथे थांबू.