प्रतिपिंडे, प्रजनन संप्रेरके आणि स्त्रीचा निर्णयाधिकार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच प्रथिने प्रजनन संप्रेरकांच्या अभ्यासात दोन भिन्न कामांसाठी वापरली गेली. एक काम संप्रेरकाचे मोजमाप करण्याचे, तर दुसरे संप्रेरकाचे कार्य रोखण्याचे. यांपैकी पहिला उपयोग घराघरांत पोहोचला. दुसरा प्रयोगात यशस्वी होऊनही कुटुंब नियोजन कार्यक्रमात स्थिरावला नाही. या फरकाची कारणे केवळ प्रयोगशाळेत सापडत नाहीत. निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती राहतो, या प्रश्नाशीही ती निगडित आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

मुंबईतील पूर्वपरंपरा

र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयाचा सातत्याने प्रचार केला. संततिनियमन हा व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या स्वातंत्र्याचा विषय आहे, ही त्यांची भूमिका होती. स्वातंत्र्योत्तर काळात हाच विषय लोकसंख्येच्या शासकीय नियोजनाचा भाग बनला. मुंबईत 1954 साली गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीसाठी एक विभाग स्थापन झाला. त्यातूनच 1970 साली परळ येथील प्रजनन संशोधन संस्था आकारास आली.

मोजमापाचे साधन

संप्रेरके रक्तात अत्यल्प प्रमाणात असल्याने त्यांचे मापन फार काळ अवघड होते. बर्सन आणि यॅलो यांनी 1959-60 च्या सुमारास प्रतिपिंडांवर आधारित रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धती विकसित केली. या कार्यासाठी यॅलो यांना 1977 साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाइड आणि गेमझेल यांनी 1960 साली प्रतिपिंडांच्या साहाय्याने लघवीतील एचसीजी ओळखणारी गर्भचाचणी मांडली. उंदीर वा सशावर प्रयोग करून गर्भनिदान करण्याची पद्धत त्यामुळे मागे पडली.

केईएम रुग्णालय आणि परळची संस्था यांच्या सहकार्याने, डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून, 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईत बाह्यफलनातून बालकाचा जन्म झाला. स्त्रीबीज कोणत्या वेळी घ्यावयाचे, हे ठरविताना संप्रेरकांच्या पातळीचे ज्ञान मोलाचे ठरते. अशा रीतीने अपत्यप्राप्तीच्या उपचारातही प्रतिपिंडांवर आधारित मोजमापाला महत्त्व आले.

नियंत्रणाचे साधन

फलित बीजापासून एचसीजी निर्माण होते. हे संप्रेरक अंडाशयातील पीतपिंडाला प्रोजेस्टेरॉन निर्माण करीत राहण्याचा संकेत देते. हा संकेत प्रतिपिंडांनी अडविला, तर गर्भ टिकत नाही. अंडमोचन व मासिक पाळी मात्र सुरू राहते. एचसीजी हे शरीराचेच संप्रेरक असल्याने शरीर त्याविरुद्ध सहजी प्रतिपिंडे तयार करीत नाही. दिल्ली येथील प्रा. जी. पी. तलवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी एचसीजीचा बीटा घटक धनुर्वाताच्या टॉक्सॉइडशी जोडून ही अडचण ओलांडली. हे संशोधन 1976 साली प्रसिद्ध झाले.

सुधारित लसीच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. तीत 148 स्त्रियांचा समावेश होता. सुमारे 80 टक्के स्त्रियांत प्रतिपिंडांची पातळी संरक्षक मर्यादेपलीकडे गेली. त्या पातळीवरील 1224 मासिक चक्रांत केवळ एक गर्भधारणा झाली. पूरक मात्रा थांबविल्यावर पातळी घटली आणि प्रजननक्षमता परत आली. शास्त्रीय दृष्ट्या हे उल्लेखनीय यश होते. पुरुषांच्या बाबतीत बंगळूर येथील प्रा. एन. आर. मौदगल यांनी एफएसएच या संप्रेरकाविरुद्ध लसीकरणाचा प्रयोग केला. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत पाच स्वयंसेवक होते.

अविश्वासाचा इतिहास

तलवार यांचे संशोधन प्रसिद्ध झाले ते 1976 हे वर्ष आणीबाणीचे होते. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. तरीही सक्तीची शक्यता समाजाच्या स्मरणात राहिली.

या पार्श्वभूमीवर दिल्लीची ‘सहेली’ आणि मुंबईची ‘फोरम फॉर विमेन्स हेल्थ’ यांसारख्या स्त्रीसंघटनांनी गर्भरोधक लसीला विरोध केला. त्यांचे आक्षेप निराधार नव्हते. गोळी स्त्री स्वतः थांबवू शकते. टोचलेली लस मात्र मनात येईल तेव्हा थांबविता येत नाही. प्रतिपिंडे पुरेशी वाढण्यास काही आठवडे जातात आणि त्यांची पातळी व्यक्तिपरत्वे बदलते. आपण सुरक्षित आहोत की नाही, हे रक्ततपासणीशिवाय स्त्रीला कळत नाही. रोगप्रतिबंधक लसीकरणाच्या नावाखाली तिच्या संमतीविना ही लस दिली जाईल, अशीही भीती होती. नव्वदच्या दशकात फिलिपाइन्स व मेक्सिको येथे धनुर्वाताच्या लसीविषयी याच स्वरूपाच्या अफवा पसरल्या आणि त्यांचा फटका लसीकरणाला बसला.

निष्कर्ष

मुंबईच्या ईशान्येकडील औद्योगिक पट्ट्यात आज या इतिहासाच्या दोन्ही बाजू जवळजवळ नांदताना दिसतात. अंबरनाथ येथे प्रकल्प असलेली भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी एचसीजीसारखी संप्रेरके आणि अँटी-डीसारखी प्रतिपिंडे या दोन्ही प्रकारची औषधे बनविते. आरएच-निगेटिव्ह मातेला दिलेले अँटी-डी तिच्या पुढील गर्भाचे रक्षण करते. शेजारच्या बदलापुरातील मांजर्लीसारख्या वस्तीत राहणारी स्त्री औषधाच्या दुकानातून गर्भचाचणीची पट्टी आणते. त्या पट्टीवरील प्रतिपिंडे एचसीजी ओळखतात आणि उमटलेली रेषा तिला एकटीला वाचता येते.

लस आणि पट्टी या दोहोंचे लक्ष्य एकच संप्रेरक आहे. पट्टी ज्ञान स्त्रीच्या हाती देते आणि निर्णय तिच्यावर सोपविते. लस मात्र निर्णय तिच्या शरीरात रुजविते आणि त्यावरील नियंत्रण काही काळ तिच्या हाती राहत नाही. म्हणून या लसीचे पुनरुज्जीवन करावयाचे झाल्यास केवळ प्रतिपिंडांची पातळी सिद्ध करणे पुरेसे ठरणार नाही. संमती, माहिती आणि हवे तेव्हा थांबविण्याची सोय यांचाही विचार चाचणीच्या आराखड्यातच व्हावा लागेल. कर्वे यांनी मांडलेला व्यक्तिस्वातंत्र्याचा आग्रह येथे आजही मार्गदर्शक ठरतो.